आमची दहा चित्रपटांची यादी

धर्मग्रामात धर्मगुरूला नाना प्रकारचे निवाडे करावे लागतात. बांधाचे, भाऊबंदकीचे, गायनवृंदात पेटी कोणी वाजवायची याचे. परंतु सर्वकाळातील सर्वश्रेष्ठ दहा चित्रपट कोणते, हा निवाडा करण्याची पाळी आमच्यावर येईल असे आम्हांस कधी वाटले नव्हते. गेल्या आगमनकाळात ती आली.

निमित्त साधे होते. नाताळच्या आठवड्यात चर्चच्या पटांगणावर पूर्वीसारखे पांढरे कापड बांधून सर्वांनी मिळून एक चित्रपट पाहावा, असे युवक मंडळाने ठरविले. हल्ली घरोघरी, किंबहुना प्रत्येकाच्या खिशात, पडदा आला आहे. त्यामुळे एकत्र बसून पाहण्याची सवयच मोडली, ही त्यांची तक्रार आम्हांस पटली. पण चित्रपट कोणता? "जो सर्वांत चांगला तो," असे कोणीतरी म्हणाले आणि तेथेच ठिणगी पडली. रविवारच्या मिस्साबलिदानानंतर मिशन बंगल्याच्या ओट्यावर सुरू झालेला वाद दुपारच्या जेवणापर्यंत चालला, आणि पुढचे दोन रविवार त्यातच गेले. शेवटी ठरले, की आधी दहांची यादी करावी, क्रम लावावा आणि पहिल्या क्रमांकाचा चित्रपट दाखवावा. सेमिनरीत असताना आम्ही पुण्यात चित्रपट रसग्रहणाच्या शिबिराला गेलो होतो, हे कोणाच्या तरी स्मरणात होते. पंचाची खुर्ची त्यामुळे आमच्याकडे आली.

पहिल्या रविवारी नुसता गोंधळ होता. 'शोले' तर हवाच, असे चाळिशीपुढचे सर्व पुरुष एका सुरात म्हणाले. 'अमर अकबर अँथनी'ला वेदीसेवक मुलांच्या वडिलांचा पाठिंबा होता. का, तर त्यातला अँथनी आपला. आपला खरा, पाद्रीबाबांच्या हाताखाली वाढलेलाही खरा; पण तो देशी दारूचा अड्डा चालवितो, याची आम्ही आठवण करून दिली तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, "फादर, तो कमाईतला निम्मा वाटा देवाला देतो, एवढं कोण देतं?" यावर आमच्या अर्थसमितीचे सभासद मोठ्याने हसले. महिला मंडळाने १९९१ चा 'माहेरची साडी' पुढे केला आणि तो रडका आहे असे म्हणणाऱ्या मुलांना, "तुमच्या आयांनी त्यात काय पाहिलं ते तुम्हांला कळायचं नाही," असे उत्तर देऊन गप्प केले. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक लेखनिक आहेत. त्यांचे मत, की विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला 'सामना' (१९७४) ज्याने पाहिला नाही त्याला आपला जिल्हा समजलाच नाही. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील आपण तीन वेगवेगळ्या नावांनी प्रत्यक्ष पाहिला आहे, असेही ते म्हणाले. नावे मात्र त्यांनी सांगितली नाहीत.

जिल्ह्याचा अभिमान हाही एक निकष निघाला. सदाशिव अमरापूरकर आपल्या नगरचे. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण जिभेवरचे नगर सहजी जात नाही.) तेव्हा त्यांचा एक तरी चित्रपट घ्यावा यावर एकमत झाले आणि कोणता यावर लगेच दोन तट पडले. मोठ्यांना 'अर्धसत्य'मधील (१९८३) रामा शेट्टी हवा होता, धाकट्यांना 'सडक'मधील (१९९१) महाराणी. आम्ही 'अर्धसत्य'च्या बाजूने निवाडा दिला. आवाज न चढविता, बसल्या जागेवरून नुसते पाहून भय निर्माण करणारा असा खलपुरुष हिंदी पडद्यावर क्वचितच आला. धनगरांच्या भटक्या जिण्यावरील 'ख्वाडा'ही (२०१५) सर्वांनी घेतला. आपल्याच जिल्ह्यातल्या भाऊराव कऱ्हाडे यांनी तो जमीन विकून उभा केला, हे तेथे प्रत्येकाला ठाऊक होते.

शेवटी आम्ही टेबलावर हात आपटला. आपापल्या आवडीची मोट बांधली म्हणजे यादी होत नाही, काही कसोटी हवी, असे बजावले आणि दुसऱ्या रविवारी आमची जुनी वही घेऊन आलो.

त्या वहीची हकिगत अशी. पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून पहिला खेळ केला तो २८ डिसेंबर १८९५ रोजी. १९९५ साली चित्रपटकलेला शंभर वर्षे पूर्ण होत असताना, पोप दुसरे जॉन पॉल यांच्या कारकिर्दीत, व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्क माध्यमांच्या समितीने ४५ थोर चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. धर्म, मूल्ये आणि कला असे तीन विभाग, प्रत्येकात पंधरा चित्रपट. आम्ही त्या वेळी पुण्यात ईशज्ञान शिकत होतो. यादी हाती येताच वहीत उतरून घेतली आणि कित्येक वर्षे मिळेल तो चित्रपट पाहून समोर खूण करीत गेलो. ती यादी कोत्या मनाची मुळीच नाही. पाझोलिनी हा नास्तिक म्हणविणारा साम्यवादी. त्याचा मत्तयच्या शुभवर्तमानावरील चित्रपट तिने धर्मविभागात घेतला आहे. चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' आहे, 'बायसिकल थीव्हज' आहे. आम्ही मोठ्या उत्साहाने ही नावे वाचून दाखविली. ओट्यावर शांतता पसरली. ती आदराची आहे असे आम्हांस वाटले.

मग नगरला महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलाने विचारले, "फादर, यात आपल्याकडचा कोणता?"

आम्ही बोट फिरवीत गेलो. रिचर्ड ॲटनबरोचा 'गांधी' (१९८२) आहे, एवढेच सांगता आले. विषय आपला, दिग्दर्शक इंग्रज. सत्यजित राय नाहीत, 'संत तुकाराम' नाही. भारतीय भाषेतील एकही चित्रपट त्या पंचेचाळिसांत नाही. तीस वर्षे ती वही आमच्याजवळ होती आणि ही गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. पण ती मोठ्याने बोलून दाखविण्याची वेळ कधी आली नव्हती.

मुलगा हुशार होता. त्याने आणखी माहिती पुरविली. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश नियतकालिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांचे मत घेते. पहिल्या वेळी 'बायसिकल थीव्हज' पहिला आला. पुढे १९६२ पासून २००२ पर्यंत पाचही वेळा 'सिटिझन केन'. २०१२ साली हिचकॉकचा 'व्हर्टिगो' वर आला, तर २०२२ साली शांताल अकरमान या बाईंचा 'जान दिलमान'. एका विधवेचा घरातला कामधंदा तीन तासांहून अधिक वेळ दाखविणारा हा चित्रपट, हे ऐकून महिला मंडळाने माना डोलावल्या. चित्रपट तोच, मत देणारे बदलले की क्रम बदलतो, असे त्या मुलाचे म्हणणे. आपल्या देशातील समीक्षकांच्या संघटनेनेही २०२२ साली असाच कौल घेतला. त्यात 'पथेर पांचाली' पहिला ठरला. पहिल्या दहांत मराठी चित्रपट एकही आला नाही. "म्हणजे सगळ्यांच्या यादीत आपण बाहेरच," असे तो म्हणाला. हे वाक्य आम्ही तेव्हा चित्रपटांपुरतेच घेतले.

पंच म्हणून आम्ही मग स्वतःचे मत मांडले. पहिला क्रमांक 'संत तुकाराम'चा. हा प्रभातचा चित्रपट १९३६ सालचा. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला, विष्णुपंत पागनीसांनी जगून दाखविलेला, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविलेला. याच १९३६ साली पोप अकरावे पायस यांनी चित्रपटांच्या नैतिक बाजूविषयी विश्वपत्र काढून सर्व ख्रिस्ती जनांना सावध केले होते, आणि इकडे पुण्यात एका वाण्याच्या भक्तीवर असा निर्मळ चित्रपट तयार होत होता, याची आम्हांस नेहमीच गंमत वाटते. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे आपल्या नगरचे रेव्हरंड टिळक सांगत. तेव्हा मराठी ख्रिस्ती माणसाला तुकाराम परका नाही. दुसरेही एक नाते सांगितले. त्र्यंबकेश्वरचे, म्हणजे आजच्या आपल्याच नाशिक धर्मप्रांतातले, दादासाहेब फाळके १९१०-११ च्या सुमारास गिरगावात प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपट पाहावयास गेले. तो पाहता पाहता रामकृष्णांना पडद्यावर आणण्याचा ध्यास त्यांनी घेतला, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' झाला. भारतीय चित्रपटाचे बीज असे एका ख्रिस्तपटाने पेरले. हे ऐकून सर्वांना आनंद झाला. 'संत तुकाराम'च्या पहिल्या क्रमांकाला कोणीही हरकत घेतली नाही. कारण मागाहून कळले ते असे, की ओट्यावरच्या चौघांखेरीज तो कोणी पाहिलाच नव्हता.

त्या मुलाने मात्र आपली चिठ्ठी पुढे सरकवली. तिच्यावर एकच नाव होते: 'फँड्री'.

नागराज मंजुळे हे मूळचे शेजारच्या करमाळा तालुक्यातले, पण संज्ञापनाचे शिक्षण त्यांनी नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात घेतले. तेथेच केलेल्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'फँड्री' हा त्यांचा पहिला मोठा चित्रपट २०१४ साली चित्रगृहांत आला. कैकाडी घरातला जब्या, वरच्या जातीची शालू, गावात मोकाट फिरणारी डुकरे आणि ती धरण्याचे काम वाट्याला आलेले कुटुंब, एवढीच गोष्ट. आम्ही तो पाहिला होता. चांगला आहे, हेही मान्य केले. पण त्यात शिवीगाळ आहे. नाताळच्या सणात, लहान मुले आणि म्हाताऱ्या माणसांसमोर, चर्चच्या पटांगणावर ते शब्द ऐकू येणे बरे दिसणार नाही, असे सांगून आम्ही चिठ्ठी बाजूला ठेवली. मुलाने वाद घातला नाही. त्याने वाद घातला असता तर बरे झाले असते, असे आता वाटते.

ओट्याच्या कडेला आमचे जुने मास्तर बसले होते. मास्तर म्हणजे धर्मशिक्षक. वय ऐंशीच्या पुढे. आपल्या भागातील वाचकांना 'दयासागर' ठाऊक असेलच. १९७८ सालचा ए. भीमसिंग यांचा मूळ तेलुगू 'करुणामयुडु', हिंदीत 'दयासागर' झाला आणि विजयचंदर यांच्या रूपातला ख्रिस्त खेडोपाडी पोहोचला. उपवासकाळात जीपगाडीत १६ मि.मी.चे यंत्र, रिळांचे डबे आणि जनरेटर घालून मास्तर वस्त्यावस्त्यांवर जात. तो चित्रपट त्यांनी किती वेळा दाखविला याचा हिशेब नाही, पण पडद्यापेक्षा लोकांकडेच लक्ष असे, असे ते सांगतात. रीळ तुटले की आधी माणसे कळवळत, मग यंत्र बंद पडल्याचे ध्यानात येई. यादीत 'दयासागर' असावा एवढेच त्यांनी पहिल्या रविवारी सुचविले होते. आम्ही तो सातव्या क्रमांकावर घेतला होता, थोडा उपकार केल्यासारखा.

सर्व पांगल्यावर ते मागे राहिले. म्हणाले, "फादर, एक सांगू का? एका गावात आम्ही चावडीपुढं कापड बांधलं. गावचे लोक म्हणाले, पुढं आम्ही बसणार. मी म्हटलं, बसा, सगळ्यांसाठीच आहे. रीळ चालू केलं. आपली माणसं कुठं दिसेनात. मला वाटलं, आली नाहीत. दुसऱ्या रिळाच्या वेळी पाहतो तर सगळी कापडाच्या मागं, अंधारात बसलेली. कुणी तिकडं जा म्हणालं नव्हतं. आपणहूनच गेली होती. सबंध चित्र त्यांनी उलटं पाहिलं. प्रभूनं क्रूस उजव्या खांद्यावर घेतला असेल तर त्यांना डावा दिसला."

आम्ही विचारले, "मग तुम्ही काय केलंत, मास्तर?"

"काय करणार? यंत्र सोडून जाता येत नव्हतं."

थोडे थांबून ते म्हणाले, "नातवानं मला फँड्री फोनवर दाखवला. डुक्कर हाताशी आलेलं असतं आणि शाळेत जनगणमन सुरू होतं, तिथं ती सगळी थांबतात बघा. मी बाजेवर बसलो होतो, उठून उभा राहिलो. शिव्यांचं म्हणाल, तर फादर, त्या शिव्या आम्ही ऐकलेल्या आहेत. तुम्ही त्या चित्रपटातच ऐकल्या."

आम्ही मूळचे वसईचे. आमच्या पूर्वजांचा बाप्तिस्मा पोर्तुगीज अमदानीतला. वाडी, विहीर आणि केळीची बाग असलेल्या घरातून आम्ही आलो. पंचवीस वर्षांहून अधिक काळ या जिल्ह्यात, ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी गावकुसाबाहेरच्या वस्तीत ख्रिस्ताला स्वीकारले अशा कुटुंबांत, आम्ही भाकरी खात आलो आहोत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात घेतले, ख्रिस्ती दलितांना अद्याप घेतलेले नाही, हे आम्ही मोर्चात आणि प्रवचनात अनेकदा सांगितले आहे. कागदावर जात नाही आणि गावात आहे, हा अन्याय आम्हांस तोंडपाठ होता. आम्ही येथे 'आम्ही' लिहितो ते लेखकाच्या रूढ रीतीने. मास्तरांचे 'आम्ही' मात्र खरोखरचे अनेकवचन होते आणि त्यात आम्ही नव्हतो.

तिसऱ्या रविवारी आम्ही पंचाची खुर्ची सोडली आणि चिठ्ठ्या टाकून क्रम लावा म्हणून सांगितले. 'फँड्री' पहिला आला, 'दयासागर' दुसरा, 'सामना' तिसरा. 'संत तुकाराम' पाचवा. महिला मंडळाने शिस्तीने एकगठ्ठा मते दिल्यामुळे 'माहेरची साडी' चौथी आली, यावर आजही कुरबूर चालू आहे. 'सैराट' अवघ्या दोन मतांनी अकरावा ठरला. मुलींचे बाप त्या दिवशी झाडून हजर होते. शिव्यांविषयी आधी दोन शब्द बोलावे अशी आम्ही सूचना केली, ती मान्य झाली. बोलायला मास्तरांना सांगितले.

परवानगी वगैरे सोपस्कार युवकांनी केले. दिवस निवडला २८ डिसेंबर, निष्पाप बालकांचा स्मरणदिन. ल्युमिएर बंधूंचा पहिला खेळही त्याच तारखेचा, हे आम्ही कोणाला सांगितले नाही. त्या संध्याकाळी दूरच्या एका मळ्यातून आजाऱ्याच्या अभ्यंगासाठी बोलावणे आले. परत यावयास उशीर झाला. उसाच्या ट्रॉल्यांमागून मोटारसायकल हळूहळू आणीत आलो तेव्हा पटांगण भरून गेले होते. गावातलेही पुष्कळ लोक आले होते. पहिल्या रांगेत आमच्यासाठी ठेवलेली खुर्ची रिकामी दिसत होती. पण तिथपर्यंत जायचे तर यंत्राच्या झोतातून, माणसांना उठवीत जावे लागले असते. म्हणून आम्ही घंटेच्या खांबाकडून वळसा घालून कापडाच्या मागे गेलो. तेथे तान्ही मुले घेतलेल्या दोन बाया बसल्या होत्या. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि गोणपाट सरकवून आम्हांस जागा दिली.

धरलेले डुक्कर काठीला बांधून जब्या आणि त्याचे घरचे शाळेच्या भिंतीवरून नेत होते. भिंतीवर महात्मा फुले, सावित्रीबाई, बाबासाहेब आंबेडकर आणि गाडगेबाबा. आमच्या बाजूने भिंतीवरची अक्षरे उलटी होती, वाचता येत नव्हती. चेहरे ओळखू येत होते. कापडाच्या पलीकडे इतकी माणसे आहेत असे वाटू नये एवढी शांतता होती. शेवटी जब्या दगड उचलतो. तो प्रेक्षकांच्या रोखाने भिरकावतो, हे आम्हांस आधी ठाऊक होते. मागच्या बाजूलाही तो सरळ अंगावरच आला. शेजारच्या बाईने मूल छातीशी ओढून घेतले.

दिवे लागल्यावर मास्तर काठी टेकीत घंटेच्या खांबाशी आले. आम्ही अंगावरची धूळ झटकीत होतो.

"फादर, मागून दिसलं का नीट?"

"दिसलं," आम्ही म्हणालो, आणि दोघे मिळून कापड सोडावयास लागलो.